सिग्नल कुठे गेला?

मारिबोरच्या ट्रॅकवर अंतिम फेरी सुरू व्हायला आली, तरी विंकोची छोटी रेसकार रिमोटला दाद देईना. त्याने बॅटरी बदलली, रिसीव्हरच्या वायरी पुन्हा खोचल्या, अँटेना सरळ केली, मग चिडून रिमोटचा खटका दाबतच राहिला. गाडी ढिम्म.

"सिग्नल तूच अडवतोयस," तो मेव्हण्यावर, द्रागोवर उखडला. "दरवर्षी हरतोस, म्हणून हे धंदे."

"दाजी, मी इथे निवांत कॉफी पितोय. माझी गाडीसुद्धा तिकडे ताईच्या टेबलावर, अक्रोडाच्या केकशेजारी पडलीये."



तेवढ्यात विंकोची बायको मिलेना केकने माखलेली द्रागोची गाडी हातात धरून तणतणत आली, आणि विंकोने पुन्हा खटका दाबताच त्या गाडीच्या चाकांनी उरलासुरला केक त्याच्या तोंडावर उडवला.