कडा
“डोंगर कसला, सवत आहे ती माझी!” चित्रकाराची बायको आल्यागेल्याला सांगायची. लग्नाच्या वर्षी नवऱ्याने तो डोंगर खिडकीतून झाडाझुडपांसकट रंगवला होता. मग दरवर्षी कॅनव्हास घेऊन तो डोंगराच्या आणखी जवळ जाऊन बसू लागला. चित्रातून आधी झाडं गेली, मग पायवाट. शेवटी उरलं नुसतं जांभळं धुकं. “दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही,” ती म्हणाली. “अगं, फार जवळ गेलं की कडा दिसतच नाहीत,” तो हसला. मग इतकी वर्षं ओठांशी अडलेलं तिने विचारलंच, “माझं चित्र का नाही काढलंत कधी?” त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅनव्हास अलगद फिरवला. नाक नव्हतं, डोळे नव्हते. पहाटेच्या पांघरुणातल्या उबेसारखा एकच रंग पसरलेला. ती कितीतरी वेळ कडा शोधत राहिली. एकही सापडली नाही.