अठरा हजार किलोमीटर

टर्बो इंजिनाची ती लाल हॅचबॅक पाहून मोहिनी हरखली आणि इसार द्यायलाच निघाली. "अठराच हजार किलोमीटर पळाली, ताई," हिंगोलीचा दलाल मीटरवर बोट ठेवून म्हणाला.

तिच्या वडिलांनी, रखमाजींनी, मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रेकच्या पेडलावरून अंगठा फिरवला. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

"दात गोऱ्ह्याचे अन् खुरं म्हाताऱ्या बैलाची! मीटर मागं फिरवलंय ह्यानं."

दलालाचं तोंड एवढंसं झालं. कळमनुरीच्या बैलबाजारात आपल्या आबांना कुणी फसवू शकत नाही, हे मोहिनी लहानपणापासून अभिमानानं सांगत आली होती.

"इतकं बराबर कसं वळखता हो, आबा?"

"म्हातारे बैल इकताना मीबी दात कानशीनं घासायचो, पोरी. खुराचं मातर कधी जमलं न्हाई."