मजकूर चौकटीत बसवते

वहिनीनं खोकल्याच्या औषधाचं खोकं टेबलावर ठेवलं, तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीतले विभागाचे प्रमुख फोनवर बोलत होते. त्यांनी हातानंच थांबायची खूण केली. वहिनी थांबली नाही.

"'दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये' ही ओळ यावर होती. तुमच्या सॉफ्टवेअरनं खाल्ली."

मास्तरीण तिच्या शेजारीच उभी होती. डिझाइनच्या त्या सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक टूलचं वर्णन लिहिणं हे तिचं काम. एकेका शब्दासाठी ती कुणालाही अडवायची, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. वहिनी तिच्या सख्ख्या भावाची बायको. दोघं मिळून लेबलं-खोकी छापायचं दुकान चालवत. ओळ नाही हे सकाळी औषधविक्रेत्याच्या लक्षात आलं, तोवर अठरा बाटल्या विकल्या गेल्या होत्या. सतरा परत आल्या. अठराव्या बाटलीसाठी भाऊ दारोदार फिरत होता.

प्रमुखांनी फोन ठेवला. "सांगितलेलं काम टूल निवडून करणाऱ्या एआय एजंटची चूक आहे, ताई. अहवाल तयारच आहे. या मॅडमनी सही केली की तुम्हाला प्रत देतो."

मास्तरणीची कानशिलं तापली. "एजंट चुकला नाही, सर. वहिनीनं त्याला सांगितलं, खोकं लहान झालंय, मजकूर यात बसव, अक्षर बारीक करू नकोस. तो बिचारा वर्णन वाचून टूल उचलतो. त्यानं वाचलं, 'मजकूर चौकटीत बसवते'. उचललं. टूलनं मावलं तेवढं ठेवलं, उरलेलं कापलं. तो कुठे चुकला?"

"वर्णन तुमचंच आहे."

"माझं चार ओळींचं होतं." तिनं लॅपटॉप उघडून वाचून दाखवलं. "'मजकूर चौकटीत बसवते. मावला नाही, तर शेवटचा भाग काढून टाकते आणि तसं कळवत नाही. एकही शब्द गाळायचा नसेल तिथे वापरू नये. शंका असेल तर आधी माणसाला विचारावं.' तुम्ही पहिलं वाक्य ठेवलंत."

"लांबण लावली की एजंट रेंगाळतो. सगळीच वर्णनं छाटली आपण."

"नखं छाटायची असतात, सर. तुम्ही बोट छाटलंत."

वहिनीचा फोन वाजला. तिनं ऐकलं, डोळे मिटले आणि खुर्चीचा हात धरून खाली बसली. "सापडली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे."

"चला!" प्रमुखांनी हात जोडले. "गंगेत घोडं न्हालं. कुणाचं काही बिघडलं नाही, मग प्रश्न मिटलाच की." त्यांनी अहवाल आणि पेन मास्तरणीपुढे सरकवलं.

काही बिघडलं नाही! मास्तरणीनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "आधी माझं वर्णन परत घाला. आत्ता, माझ्यासमोर. या घडीला अशीच ओळ आणखी कुणाच्या दुकानात कापली जात असेल."

प्रमुख उठले. दार लावून घेतलं. आवाज खाली आणला.

"मॅडम, तुम्ही घरच्या म्हणून सांगतो. आपलं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं टूल आहे हे. दर महिन्याला तो आकडा मला वर दाखवावा लागतो. 'काढून टाकते, कळवत नाही' असं लिहिलं, तर कुठला एजंट त्याला हात लावेल?"

वहिनी फोन पदरात धरून बसली होती. तिनं मान वर केली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तसं नाही, ताई, तुम्हाला यातलं तांत्रिक..."

मास्तरणीनं पेन उचललं. अहवालात 'कारण' या शब्दापुढे छापलेलं 'एजंटची चूक' खोडलं. वहिनीनं नुकतंच उच्चारलेलं वाक्य शब्दाला शब्द तिथे लिहिलं, कोण कुणाला म्हणालं तेही लिहिलं. एकदा वाचलं, आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.

"आता हे छाटा," ती म्हणाली.