गणवेशाचं माप

सहा वर्षांत लेकीची ही चौथी शाळा. नवऱ्याची पुन्हा नव्या देशात बदली झाली, तेव्हा तिने महिनाभर तिथल्या शाळा पारखून एक पसंत केली. प्रयोगशाळा, पोहण्याचा तलाव, परीक्षांचे निकाल. प्रश्न विचारून विचारून प्राचार्यांना भंडावून सोडलं. आता फक्त गणवेशाची मापं कळवायची होती. तिने टेप काढली. लेक समोर उभी राहिली. कंबर बावीस इंच. टेप सरकली असेल म्हणून तिने पुन्हा गुंडाळली. बावीसच. दोन वर्षांपूर्वी, बाराव्या वर्षी, हीच कंबर सव्वीस भरली होती. डबा तर रोज रिकामा यायचा. “खरं सांग, तुझा डबा कोण खातं?” “टाकून देते,” लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली. “या शाळेत नव्या मुलीने डबा कुणाजवळ बसून खायचा, तेवढं मात्र आधी विचारून ठेव.”