नावापुढे

नागझिऱ्यात आलेला पर्यटक गाईडला आधी नाव विचारतो. ‘राजदीप’ म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेलाच, ‘पुढे काय?’ आडनाव कळलं की जिप्सीतल्या गप्पा आटतात. वीस वर्षांत राजदीप या प्रश्नाला पार थकून गेला होता.

भाची रचनानं त्याला एका नव्या फोरमवर खातं उघडून दिलं. “मामा, याचा कोणी एक मालक नाही. शेकडो सर्व्हर आहेत, कोणताबी घ्या, बाकी सगळ्यांवरच्या लोकांशी बोलता येते. अन् आडनाव तर कोणी विचारतच नाही.”

त्यानं हौसेनं स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा फोटो टाकला. आठवडा गेला.

“रचना, कोणीच काऊन बोलून नाही राहिलं?”

तिनं मोबाइल हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

“मामा, नावापुढे आपल्या सर्व्हरचं नाव लागते. ते पाहूनच बाकीचे सर्व्हर आपल्याले आत घेत नाही.”