चारपैकी चार

"मराठी आहात ना, काका? मग मराठीतच करू," डॉक्टर गिरिजा म्हणाली आणि सदाशिवनं मागं वळून दाराकडे बघितलं.

तीन वर्षं जयपूरच्या या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या नेताना त्यानं एकच पथ्य पाळलं होतं. आपलं माणूस भेटता कामा नये. बनी पार्कातल्या भाड्याच्या खोलीत तो एकटा. बायको, विनया, कोल्हापुरात. तिला सांगितलंय, डायबिटीसच्या गोळ्या आहेत. त्याच्या विमा कचेरीतल्या मराठी लोकांना कळलं असतं तर गणपतीत त्याच्या हातचा प्रसाद कुणी घेतला असता? नसता घेतला. उगाच चांगुलपणाच्या गप्पा कशाला.

"कुणाला काही सांगत नाही मी," तिनं त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं. "आजार डोक्यापर्यंत गेलाय का, तेवढं बघायचंय. बारा मार्कांची चाचणी. दहाच्या वर मिळाले तर सुटलात. नाहीतर पुढच्या खेपेला घरचं माणूस आणायचं. गोळ्या त्याच्या हातात मिळतील."

"घरचं म्हणजे?"

"घरचं म्हणजे घरचं, काका."

सदाशिव खुर्चीत सरळ बसला. याची तयारी तर तो सहा महिने करत होता.

"चार शब्द सांगते. शेवटी विचारीन. कुलूप. पेरू. चिमणी. निळा. म्हणा."

त्यानं म्हटले. पेरू. किती दिवसांनी कुणी त्याच्याशी बोलताना पेरू म्हणालं होतं. इथं सगळा अमरूदचा कारभार. पोरगी बोलते कशी स्वच्छ. अजून बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं अंगठा आणि पहिलं बोट भराभर उघडमीट करायला लावली. पाच सेकंद. चार मार्क. मग टेबलावर मूठ, मग तळवा, मग हाताची कड, पुन्हा मूठ. तळव्याला तो एकदा अडखळला. तीन मार्क.

"आता शब्द."

सदाशिव घडाघडा बोलला, "कुत्ता, टोपी, सेम, लाल."

गिरिजानं पेन खाली ठेवलं. "काका, मी आत्ता सांगितलेले."

"हेच की."

"एक पक्षी होता बघा."

सदाशिवनं डोळे मिटले. एकही पक्षी आला नाही.

तिनं फाईल मागं उलटली. सहा महिन्यांपूर्वीचा कागद निघाला. हिंदीतला, घेवड्याला सेम म्हणणारा. कुत्ता, टोपी, सेम, लाल. समोर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं, चारपैकी चार.

"हे त्या वेळचे शब्द. अजून पाठ आहेत?"

"रोज म्हणतो. दाढी करताना. कचेरीत जिना चढताना."

"कशाला पण?"

"त्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं, याद रखना, बाद में पूछेंगे. मग लाईट गेली. मग त्यांची जेवायची वेळ झाली. ते उठून गेले." तो ओशाळून हसला. "विचारायचं राहिलंय, म्हटलं विचारतील."

गिरिजा त्या चारपैकी चारकडे बघत राहिली. न विचारताच भरलेला आकडा. तिनं दात आवळून एक शिवी गिळली. मग आजच्या कागदावर शून्य लिहिलं. दुसरं लिहिणार काय? बेरीज सात.

"घरचं कोणी आणा, काका. खरंच आणा. फॉर्मपुरतं नाही सांगत. तुम्हाला गरज आहे."

"बघतो," सदाशिव म्हणाला. हे बघतो म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं.

फाटकाबाहेर हिवाळ्याचं ऊन होतं. हातगाडीवाला पेरू चिरून मीठ लावत होता. "अमरूद ले लो, मीठे अमरूद." सदाशिव तीन पावलं पुढं गेला आणि थांबला. पेरू. मग कुलूप. मग बराच वेळ काही नाही. मग चिमणी आणि निळा एकदमच आले.

तो पळत सुटला. चोपन्नाव्या वर्षी माणूस पळतो तसा, एक हात छातीवर ठेवून. व्हरांडा रिकामा होता. गिरिजाच्या खोलीचं दार लावलेलं. जेवायची सुट्टी.

"अब तीन बजे के बाद, ताऊजी," दाराशी स्टुलावर बसलेला गार्ड म्हणाला.

"मॅडमने कुछ पूछा था. अब याद आया. बस बताना है."

"तीन बजे बता देना. बैठ जाओ." गार्डनं भिंतीकडचा बाक दाखवला. सदाशिव बसला नाही. ओठ हलवत, दाराकडे बघत उभाच राहिला. त्याचा घाम, ते पुटपुटणं बघून गार्ड जरा घाबरला.

"साथ में कौन है आपके?"

सदाशिवनं एकेक बोट दुमडत, ठासून सांगितलं, "कुलूप. पेरू. चिमणी. निळा."

गार्ड स्टुलावरून अर्धवट उठला आणि त्याच्या पाठीमागं, लांब रिकाम्या व्हरांड्यात, कोण चौघं येतायत ते बघत राहिला.