आईचे सहा विषय

"सहा? आई, सहा विषय?"

कॉलेजच्या संगणक कक्षात खुर्चीला खुर्ची लागलेली. शेजारच्या मुलीने वळून पाहिलं, तशी लेकीने आवाज खाली आणला. राग मात्र काही खाली येईना.

आईने सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं होतं. विषय निवडायचा आज शेवटचा दिवस. लेक स्वतः दुसऱ्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. झेपेल तेवढंच घ्या, असं विद्यार्थ्यांना सांगून सांगून दरवर्षी तिचा घसा बसायचा. आज रजा टाकून तेच आईला सांगायला आली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

"नोकरी करणाऱ्याने तीन घ्यावेत, फार तर चार. तुझं सकाळी कॉलेज, दुपारी दातांचा दवाखाना, संध्याकाळी घर. अभ्यास कधी करणार?"

"होईल गं. दवाखान्यात पेशंट नसले की मी नुसती बसूनच असते."

"तू? नुसती बसून?"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बाबा होते. आजोबांच्या साखरेच्या गोळ्या सापडत नव्हत्या. "फ्रीजवर, निळ्या डब्यात. तो नाही, त्याच्या मागचा. आणि जेवणाआधी द्या हं." फोन ठेवून ती पडद्याकडे वळली. "हं, कुठे होतो आपण?"

"सहावर," लेक म्हणाली. "भाषा सक्तीची आहे, ती राहील. हिशेबशास्त्र कशाला?"

"तुझ्या बाबांच्या दुकानासाठी. तो हिशेबनीस दरवर्षी टोपी घालतो त्यांना."

"कायदा?"

"मामाचं शेजाऱ्याशी भिंतीवरून चाललंय ना."

"अगं, मामाने वकील केलाय!"

"म्हणून तर."

लेकीने कपाळाला हात लावला. "आणि फ्रेंच? हेही आता मामाच्या भिंतीसाठी का?"

"वेडी का तू? धाकट्याची होणारी बायको फ्रेंच बोलते. उद्या ती घरी आल्यावर मी काय नुसती दात काढत बसू?"

"कायदा आणि फ्रेंच एकाच वेळी आहेत, आई. हे बघ, लाल झालंय."

"मग एक आठवडा हे, एक आठवडा ते."

मागे उभ्या असलेल्या मुलाने घसा खाकरला. लेकीने दात आवळले आणि विषयांपुढच्या खुणा पटापट पुसायला सुरुवात केली. कायदा गेला. फ्रेंच गेलं. हिशेबशास्त्र जाताना आईने "अरेरे" केलं, जसं काही बाबांचं दुकानच बुडालं. आहारशास्त्रासाठी ती भांडली. आजोबांच्या पथ्याबद्दल डॉक्टर एक सांगतो, आत्या दुसरं, आणि बोल लावायला मात्र सगळ्यांना आईच सापडते. ते राहिलं.

"आणि संख्याशास्त्र? गणिताचं नाव काढलं तरी घाम फुटतो तुला. ते काढते."

आईने माऊसवरच्या तिच्या हातावर हात ठेवला.

"ते राहू दे."

"का पण?"

"तू जेवताना सांगत असतेस ना. आज वर्गात हे शिकवलं, अमकं पोरांना कळलंच नाही. मी आपली हो हो करते." आईचा आवाज खाली आला. "मलाही कळत नाही गं काही."

लेकीने माऊसवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मी शिकवेन की घरी."

"तुला वेळ कुठाय?"

खूण तशीच राहिली.

"बरं, तीन झाले," लेक म्हणाली. तिचा सूर उतरला होता, पण चिडचिड पुरती गेली नव्हती. "बाबा, आजोबा, मामा, मी, घरात न आलेली सूनसुद्धा, सगळ्यांची सोय बघून झाली. अजून एक विषय बसतो. तो तुझा. तुला काय आवडतं?"

आईने सगळे विषय वरपासून खालपर्यंत पाहिले. संगीत. भूगोल. चित्रकला. इतिहास. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. परक्या गावात कुणी पत्ता विचारावा आणि आपल्याला तो ठाऊक नसावा, तसा तिचा चेहरा झाला.

"सांग ना काहीतरी! एवढं काय अवघड आहे?"

"चटकन आठवत नाहीये," आई ओशाळून म्हणाली. "तूच सांग ना. मला काय आवडतं?"

लेकीने तोंड उघडलं. आईला चहा उकळता लागतो, हे तिला माहीत होतं. त्यापुढे तिचीही गाडी जाईना.

मागच्या मुलाने पुन्हा घसा खाकरला. आईचं बोट वेळापत्रकावरून सरकत सरकत मंगळवारावर येऊन थांबलं.

"इथे काही नाही का?"

"नाही. दोन वर्गांच्या मधला तास आहे. संगीत बसेल बघ तिथे. टाकू?"

"नको." आईने घाईघाईने त्या चौकोनावर तळवाच ठेवला. "इथे काही टाकू नकोस. आणि हे बघ, घरी बोलू नकोस. मंगळवारी त्या वेळेला माझा वर्ग असतो म्हणून सांग."

"आणि कशाचा वर्ग, असं विचारलं तर?"

आईने थोडा विचार केला.

"सांग," ती म्हणाली, "फार अवघड विषय आहे म्हणून."